दारातली वार

बारामतीच्या त्या दवाखान्यात साखरबाईनं जो गोंधळ घातला, तो तिथल्या नर्सा अजून विसरल्या नसतील. नात छकुली सुखरूप बाळंत झाली होती, मुलगी झाली होती, लेक सोनबा पेढे वाटत फिरत होता. साखरबाईनं पेढ्याला हात लावला नाही. ती दारात उभी राहून एकच विचारत होती, "वार कुठं हाय?"

"आजी, ती देत नाही आम्ही," नर्स म्हणाली. "पिवळ्या पिशवीत टाकतो. गाडी येते आणि जाळायला घेऊन जाते. तसा नियमच आहे."

झालं. साखरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं पदर खोचला आणि तोंड सोडलं. "जाळायला? नऊ म्हैनं जिनं लेकराला पोसलं, ती तुमी घाणीबरुबर जाळताय? आगं, तुज्या आयनं तुजी कुठं टाकली हुती, इचारून ये जा!" बाकांवरची माणसं उठून बघायला आली. "आये, हळू बोल, दवाखाना हाय," म्हणत सोनबानं तिचा हात ओढला, तर त्याचाही उद्धार झाला. शेवटी डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या. त्यांनी सोनबाची सही घेतली आणि एका डब्यात घालून, वरून दोन पिशव्या बांधून, वार साखरबाईच्या हातात दिली. साखरबाईनं आभार मानले नाहीत. आपलीच वस्तू परत घेताना आभार कसले मानायचे, असं तिचं म्हणणं. जीपमधून आपल्या गावी, निरवांगीला येईपर्यंत तो डबा तिनं मांडीवरून खाली ठेवला नाही.

हे खूळ कुठून आलं ते सांगायला हवं, नाही तर म्हातारी नुसतीच भांडखोर वाटेल. भांडखोर ती होतीच, त्यात शंका नको. रेशनच्या दुकानदाराशी, तलाठ्याशी, एसटीच्या कंडक्टरशी, देवळात मोठ्यानं घंटा वाजवणाऱ्याशी, कुणाशीही ती भांडू शकत असे. पण वारेपायी तिचं डोकं फिरायचं, त्याचं कारण जुनं होतं.

साखरबाईचा जन्म मेंढरांमागं झाला आणि निम्मं आयुष्यही मेंढरांमागंच गेलं. दिवाळी झाली की घोड्यांवर बिऱ्हाड लादायचं, कळप पुढं घालायचा आणि घाट उतरून कोकणात जायचं. पावसाच्या आधी परत फिरायचं. वाटेत लोकांच्या रानात मेंढरं बसवायची. रानवाल्याला लेंडीखत मिळायचं आणि यांना ज्वारी. बाईच्या पोटात कळा सुरू झाल्या म्हणून कळप थांबत नसे. साखरबाईची सगळी बाळंतपणं अशी परक्याच्या रानात झाली. वार तिथंच बांधाच्या कडेला पुरायची आणि पोर पोटाशी बांधून पुढं चालू लागायचं. पुढच्या सालात त्या वाटेनं गेलं तर ती जागाही सापडायची नाही, नांगरटीत गेलेली असायची.

एका गावच्या रानवाल्यानं तर कहर केला होता. "आमच्या रानात असली घाण पुरायची न्हाय," असं म्हणून त्यानं यांना हाकललं, आणि ओली बाळंतीण असलेली साखरबाई आपलीच वार पाटीत घेऊन पुढच्या ओढ्यापर्यंत चालत गेली. त्या माणसाचं नाव तिला आठवत नव्हतं. शिव्या मात्र ती अजून घालायची.

नाळ जिथं पुरली तिथली माती माणसाला धरून ठेवते, असं तिच्या आईनं तिला सांगितलेलं. तिच्या पोरांना धरणारी माती कुणाकुणाच्या रानात पडली होती, कुणास ठाऊक. पुढं कालव्याचं पाणी फिरलं, जिकडंतिकडं ऊस झाला, मेंढरांना चरायला पडीक रान राहिलं नाही. कळप विकून घरच्यांनी निरवांगीत सव्वा एकर घेतलं. सोनबा भिगवणला एका हॉटेलात मासे तळायचा आणि सुट्टीच्या दिवशी शेत बघायचा. सून सारजा हिची बाळंतपणं तिच्या माहेरी झाली; तिथं वार पुरायचा मान तिच्या आईचा. साखरबाई वस्तीवरची सुईण होती. दवाखान्यांचं पेव फुटायच्या आधी वस्तीवरची कितीतरी पोरं तिच्याच हातावर जन्मली आणि त्यांची वारही तिनंच ज्याच्या त्याच्या दारात पुरली. स्वतःच्या दारात पुरायची तेवढी राहून गेली होती. म्हणून छकुली पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार म्हटल्यापासून ती दिवस मोजत होती.

खड्डा तिनं स्वतःच्या हातानं खणला, सोनबाला कुदळीला हात लावू दिला नाही. दाराच्या उजव्या अंगाला, बोअरच्या अलीकडं, कमरेइतका खोल. वारेवर हळदकुंकू वाहिलं, मूठभर ज्वारी टाकली, माती लोटली. त्या संध्याकाळी ती कुणाशी भांडली नाही, आणि सारजाला वाटलं, म्हातारीला बरं नसावं.

छकुली बाळाला घेऊन घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी शेजारची फुलाबाई बोअरपाशी येऊन उभी राहिली. दोन घरांमध्ये एकच बोअर, पाणी दोन्ही घरांचं. ती बाळाला बघायला आली असेल म्हणून सारजा पाट टाकायला गेली. फुलाबाई बसली नाही.

"आक्का," ती साखरबाईला म्हणाली, "ती वार उकरून काढ. लांब वड्याला न्हे आन् जाळून टाक."

"का गं? तुज्या पोटात का दुखाया लागलं?"

"त्यात व्हायरस हाय. तुज्या नातीनंच सांगितलंया समद्यांफुडं. हितंच बोअर हाय. माजी मोना ह्येच पाणी पिती."

छकुलीनं सांगितलं होतं, हे खरं. ती बारामतीत एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. डोहाळजेवणाच्या दिवशी ओटी भरून झाली, गाणी झाली, आणि कुणीतरी तिला डिवचलं, "काय मास्तरीणबाई, तुमच्या पुस्तकात पोटातल्या पोराचं काय लिव्हलंय का न्हाय?" छकुलीची कळी खुलली. ती सांगत सुटली. पोटात वार धरायला जे जनुक लागतं, ते मुळात माणसाचं नाहीच. कोट्यवधी वर्षांमागं, आपले पूर्वज अजून माकडासारखे होते तेव्हा, त्यांना एका व्हायरसची लागण झाली. तो व्हायरस त्यांच्या बीजातच शिरला आणि आईबापाकडून पोरांत उतरत राहिला. रोग विझला, पण त्याची एक करामत अंगात उरली, पेशीला पेशी जोडून टाकायची. त्या करामतीवर वारेचा पडदा तयार होतो, आणि त्या पडद्यातून आईचं सत्त्व बाळाला मिळतं. असले जुने व्हायरस आपल्या अंगात पुष्कळ आहेत, आपल्या वंशाच्या पोथीत दर बारा-तेरा पानांमागं एक पान त्यांचंच.

"म्हंजे पोर व्हायरसनं दिलं म्हण की, जावयाचं काय न्हायच त्यात!" एक बाई म्हणाली आणि हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. साखरबाई तेवढी चिडली. "जेवणाच्या ताटावर रोगाचं नाव कशाला घेतीस गं? आन् वार म्हंजे रोग व्हय? आमी काय आजवर रोग पुरत आलो का?" छकुली म्हणाली, तसं नाही आज्जे. पण पुरणपोळ्या आल्या आणि विषय तिथंच राहिला. त्या हसण्याखिदळण्यात फुलाबाई ताटावरून उठून गेली होती, हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

व्हायरस हा शब्द फुलाबाईनं आयुष्यात एकाच कारणानं ऐकला होता. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तिचा मुलगा धुळा गेला. तरणाताठा, ट्रॅक्टर चालवणारा गडी. त्याला बारामतीला नेला तो परत आलाच नाही. हिला दवाखान्याच्या फाटकातून आत सोडलं नाही. प्लास्टिकात गुंडाळलेलं काहीतरी गाडीत घातलेलं तिनं लांबून पाहिलं, ते आपलंच पोर होतं की दुसऱ्याचं, तेही तिला कळलं नाही. मागं धुळ्याची लेक मोना राहिली. सून दुसरीकडं निघून गेली. फुलाबाई त्या मोनाला डोळ्याआड होऊ देत नसे.

साखरबाईला हे सगळं माहीत होतं. माहीत असूनही तिचा राग आवरेना. सगळा जन्म लोकांच्या रानातून हाकलून घेतलं, आता स्वतःच्या सव्वा एकरात, स्वतःच्या दारातही पुरू देत नाहीत म्हणजे काय! "माज्या जागंत म्या काय पुरायचं ते तू सांगणार?" ती ओरडली. "चल नीघ हितनं!"

आवाज ऐकून छकुली बाळाला घेऊन दाराशी आली. तिनं समजावून सांगायचा प्रयत्न केला, तोही मास्तरणीच्या पद्धतीनं, म्हणजे खरं ते सगळं सांगून. "काकी, त्यो व्हायरस आता जिवंत न्हाय. पाण्यात उतरत न्हाय, कुणाला लागत न्हाय. आन् तो फकस्त वारेत न्हाय, समद्यांच्या अंगात हाय. माझ्या, तुमच्या, मोनाच्या. मेंढरांच्यातसुदिक तसलाच एक हाय."

"माज्या मोनाच्या अंगात हाय म्हणतीस?" फुलाबाई मागं सरली. "जीभ झडंल तुजी!"

ती तशीच वस्तीवर गेली, आणि दारोदार फिरली. लोकांना काय, निमित्तच हवं असतं. कोरोनात जे एकमेकांच्या मयताला गेले नाहीत, त्यांना आता वस्तीच्या पाण्याची काळजी लागली. दूध घालणारीनं चरवी लांबच ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी बाळाची पाचवी होती. सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहायला येते ती याच दिवशी, आणि त्या पूजेला एक बाई फिरकली नाही. पाट्यावर मांडलेली पूजा सारजानं एकटीनं केली. घुगऱ्यांनी भरलेलं पातेलं तसंच राहिलं.

पाचवीच्या दुसऱ्या सकाळी ते पातेलं पाहून साखरबाईचा राग उलटा फिरला, तो थेट बाळंतिणीवर. "तुज्या जिभंला हाड न्हाय! काय गरज हुती त्या भवान्यांना शानपन शिकवायची? जा, आत्ताच्या आत्ता सांगून ये, म्या खोटं बोलले म्हणून."

सोनबानंही री ओढली. "चूक झाली म्हण की पोरी. तुजं काय जातंय?"

छकुली रडत होती, पण ऐकत नव्हती. "चूक झालीच न्हाय तर कसं म्हणू, आबा? आज म्या खोटं म्हणलं तर काकी उगी ऱ्हाईल, पर तिची भीती तशीच ऱ्हाईल. उद्या मोनाला खोकला झाला तरी ती मरणाची घाबरंल."

"तुजं खरं चुलीत घाल!" साखरबाई कडाडली. मग जरा थांबून, त्याच रागात, तिनं विचारलं, "समद्यांच्यात हाय म्हणतीस न्हवं? माज्यात बी?"

"व्हय."

"ज्या मेल्यानं मला रानातनं हाकलली, त्याच्यात?"

"समद्यांच्यात, आज्जे. एकबी माणूस सुटला न्हाय."

साखरबाईला ते ऐकून बरं वाटलं की वाईट, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पण तिनं ते नीट डोक्यात ठेवलं.

त्याच दुपारी फुलाबाई परत आली. बरोबर वस्तीवरच्या चारसहा बाया, आणि कुदळ घेतलेला तिचा दीर. साखरबाई दाराच्या उजव्या अंगाला, ज्या मातीत वार होती त्या मातीवरच, मांडी घालून बसली होती.

"ऊठ आक्का," फुलाबाई म्हणाली. "आमी उकरतो. तुला हात लावाया नगं."

"माज्या अंगावरनं उकर."

"मला भांडायचं न्हाय. माजं एक न्हेलंय त्यानं. दुसरं न्हिऊ देणार न्हाय."

"वैनी, उठा," दीर म्हणाला आणि त्यानं कुदळीचं टोक साखरबाईच्या गुडघ्याजवळ मातीत टेकवलं. एवढंच त्यानं केलं, पण ते करायला नको होतं.

साखरबाई उठली. तिनं ती कुदळ त्याच्या हातातून अशी हिसकावली की तो गडीमाणूस दोन पावलं मागं गेला. "उकरायचंच हाय ना?" तिचा आवाज वस्तीभर ऐकू गेला. "चला, उकरू. पर एकट्या माज्याच दारातली का म्हणून? पोरगी म्हणती, समद्यांच्यात हाय. मंग समद्यांची काढू! कुणाची कुठं पुरली हाय ते मला ठावं हाय, म्याच पुरलीया. तुजी चुलीमागं हाय गं, तुज्या थोरल्याची गोठ्यात हाय, आन् फुले, तुजी तर हितंच हाय, चल!"

आणि ती चालायला लागली. सोनबा मागून हाका मारत राहिला. फुलाबाईच्या अंगणात शिरून ती उंबऱ्याच्या डाव्या हाताला गेली, तुळशीच्या मागं, आणि पदर खोचून तिनं कुदळ उचलली. धुळा सातव्या महिन्यातच झाला होता. फुलाबाईला माहेरी जायलाही वेळ मिळाला नव्हता, म्हणून त्याची वार सासरच्या दारात. मूठभर जीव होता तो, साखरबाईनं कापसात गुंडाळून जगवलेला. यातलं काही त्या क्षणी तिला आठवलं नाही. रागानं तिचे कान बंद झाले होते. तिनं पहिला घाव घातला. वाळलेलं शेण उडालं. दुसरा घातला, तशी खालची काळी माती वर आली.

"हितं हाय बघ तुजा व्हायरस!" ती ओरडली आणि तिसऱ्यांदा कुदळ वर नेली.

फुलाबाई धावत आली ती त्या खड्ड्यावर पालथी पडली. दोन्ही हातांनी तिनं माती कवटाळली. एवढं रडणं धुळा गेला तेव्हाही वस्तीनं ऐकलं नव्हतं. तेव्हा दारं लावून घेतलेली होती सगळ्यांनी.

"नगं गं आक्का. नगं. माज्या धुळ्याचं तेवढंच ऱ्हायलंय हितं. बाकीचं समदं त्यांनी तिकडंच जाळलं. मला हात बी लावू दिला न्हाय."

कुदळ वरच राहिली. साखरबाईला आपल्या हातात काय आहे ते दिसलं, कुणाच्या दारात आपण उभ्या आहोत तेही दिसलं, आणि तिला आयुष्यात क्वचितच वाटली असेल अशी लाज वाटली. तिनं कुदळ बाजूला टाकली. ती खाली बसली आणि उडालेली ढेकळं गोळा करून खड्ड्यात लोटू लागली. अंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या बाया एकेक करून निघून गेल्या. दीर आपली कुदळ उचलायलासुद्धा पुढं आला नाही.

बराच वेळ गेल्यावर फुलाबाई उठून बसली. तोंड मातीनं माखलेलं होतं. "आक्का," ती म्हणाली, "माज्या धुळ्याच्यात बी हुता का गं त्यो?"

साखरबाईला आता खोटं बोलता आलं असतं. सकाळी तिनं नातीला तेच करायला सांगितलं होतं.

"हुता," ती म्हणाली. "तुज्यात बी हाय, माज्यात बी हाय. त्यो हुता म्हणून तर धुळा तुज्या पोटात टिकला."

"आन् मंग त्यानंच न्हेला?"

"न्हाय गं बया. न्हेला त्यो येगळा."

फुलाबाईनं पदरानं तोंड पुसलं. मग तीही माती ओढायला लागली. दोघी म्हाताऱ्या तळहातानं ती जागा थोपटत राहिल्या. मोना आतून तांब्याभर पाणी घेऊन आली. फुलाबाईनं तिच्या हातातून तांब्या घेतला, थोडं पाणी मातीवर शिंपडलं आणि उरलेलं तिला परत दिलं.

"पी," ती मोनाला म्हणाली. "बोअरचंच हाय."